रेडिओनंतर मराठी भावगीत मालिकांच्या टायटल साँगमध्ये जगलं असं माझं ठाम मत आहे, तुम्हाला काय वाटतं?

चाळीतली_गॅलरी:

बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय म्हणून आज लिहूनच टाकते, थोडं लांब होईल पण वाचा प्लीज.

जिथे जावं तिथे ऐकायला मिळतं की भावगीत संपलं, अरुण दाते गेले, यशवंत देव गेले, आता तसली गाणी होत नाहीत वगैरे. मला हे कधीच पटलं नाही. एक काळ होता की आकाशवाणीवर 'भावसरगम' लागायचं आणि एक कोरं करकरीत गाणं, ज्याचा सिनेमाशी नाटकाशी काही संबंध नाही, असं एकाच वेळी अख्ख्या महाराष्ट्राच्या कानावर पडायचं. 'शुक्रतारा मंद वारा' हे रेडिओसाठीच झालेलं गाणं ना. म्हणजे कविता पाडगावकरांची, चाल खळे काकांची, आणि पोचवायला रेडिओ. मग रेडिओ घराघरातनं मागे पडला, कॅसेट आली, कॅसेट पण गेली, आणि सगळ्यांनी धरून चाललं की ते दार बंद झालं.

तर माझं म्हणणं असं की ते दार बंद झालंच नाही, ते टीव्हीत गेलं. १९९९ ला अल्फा मराठी सुरू झालं आणि त्यावर 'आभाळमाया' आली. तिचं टायटल साँग आठवा, 'जडतो तो जीव, लागते ती आस'. मंगेश कुलकर्णींचे शब्द, अशोक पत्कींची चाल, देवकी पंडितांचा आवाज. मग २००३ च्या 'वादळवाट'ला पुन्हा हेच तिघं. या दोन्ही गाण्यांत मालिकेतल्या एकाही पात्राचं नाव नाही, गोष्ट काय आहे ते नाही, सासू नाही सून नाही, नुसती शुद्ध कविता आहे आणि ती दररोज संध्याकाळी लाखो घरांत वाजत होती, भांडी घासताना, पोळ्या लाटताना, अभ्यास करायचं नाटक करताना. ज्या बायकांनी आयुष्यात कवितेचं पुस्तक विकत घेतलं नसेल त्यांना 'थोडी सागरनिळाई' अख्खं पाठ होतं. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या काकूंना होतं. याला भावगीत नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आणि आज काय आहे? मालिका लागते, मागच्या भागात काय झालं ते दाखवतात, मग नाव एका झपक्यात येतं आणि जातं. गाणं असतं, नाही असं नाही, पण ऐकवतात कुठे.

माझा राग कशावर आहे सांगते. चॅनेलवाल्यांना गाण्याची ताकद पक्की माहितीये. नावं बघा ना मालिकांची. 'रात्रीस खेळ चाले' हे सुधीर मोघेंचं गाणं, १९७६ च्या 'हा खेळ सावल्यांचा'मधलं, हृदयनाथांची चाल. 'तुला पाहते रे' म्हटलं की 'जगाच्या पाठीवर'मधल्या आशाताई, तो सिनेमा १९६० चा. 'सुंदरा मनामध्ये भरली' तर थेट शाहीर राम जोशींची लावणी, पेशवाईतली! 'राधा ही बावरी' पत्कींचं. 'सुख म्हणजे नक्की काय असतं' हे 'एका लग्नाची गोष्ट' नाटकातलं प्रशांत दामलेंचं गाणं, श्रीरंग गोडबोलेंचे शब्द, आणि चाल परत पत्कींचीच. म्हणजे लोकांच्या मनात आधीपासून बसलेला मुखडा नावासाठी हवाय, पण उद्याच्या लोकांच्या मनात बसेल असा नवीन मुखडा ऐकवायला दीड मिनिट द्यायची तयारी नाही. पन्नास वर्षांनी येणाऱ्या मालिकांनी नावं कुठनं घ्यायची मग?

तुमचं मत सांगा, आणि नंतरच्या मालिकांमधलं कुठलं टायटल साँग तुम्हाला पूर्ण येतं तेही सांगा, मला खरंच ऐकायचंय.

---

ठेका_सांगली:

ताई एकदम मनातलं लिहिलंत. मी तबला वाजवतो, सुगमच्या कार्यक्रमांना साथ करतो, त्यामुळे जरा वाजवणाऱ्याच्या बाजूनं सांगतो.

पत्कींना टायटल साँग इतकं का जमलं याचं माझ्या मते एक कारण म्हणजे जिंगल्स. त्यांनी जाहिरातींसाठी जिंगल्स केल्यात त्यांची गणतीच नाही. जिंगलमध्ये तुम्हाला आलाप घ्यायला, वातावरण तयार करायला वेळच नसतो, पहिल्या ओळीतच माणूस धरायचा असतो. आणि दुसऱ्या बाजूला हेच पत्की सुमन कल्याणपूरांसाठी 'केतकीच्या बनी तिथे नाचला गं मोर' करणारे, म्हणजे भावगीताची अंगची ओल होतीच. या दोन गोष्टी एका माणसात असणं अवघड. नुसता जिंगलवाला असता तर गाणं चटपटीत झालं असतं आणि महिन्याभरात कंटाळा आला असता, नुसता भावगीतवाला असता तर मुखडा यायच्या आत लोक पाणी प्यायला उठले असते.

'आभाळमाया' वाजवताना मला नेहमी जाणवतं की त्यातली प्रत्येक ओळ छोट्या छोट्या दोन तुकड्यांची आहे, जडतो तो जीव, थांबा, लागते ती आस, थांबा. त्या थांब्यांमध्ये सगळी मजा आहे. ठेका अगदी साधा, पण तिथे जरा जरी भरगच्च वाजवलं की गाणं मरतं. नवीन पोरांना मी सांगतो की इथे हात आवरायला शिका, बाकी काही नको.

आणि अजून मागे जा, दूरदर्शनवरचं 'गोट्या'. 'बीज अंकुरे अंकुरे'. मधुकर आरकडेंचे शब्द आणि चाल पत्कींचीच. आज शाळांच्या गॅदरिंगला ते गाणं म्हणतात, मुलांना माहितीही नसतं की ही एक मालिका होती. मालिका विसरली गेली, गाणं राहिलं. तुमच्या मुद्द्याला यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे.

---

बार्शी_एक्सप्रेस:

मी जरा उलट बोलणार आहे, राग मानू नका ताई.

मला पत्की आवडतात, पण "शेवटचं चांगलं ते आमच्या लहानपणी" हा सूर मला पटत नाही. तुम्ही म्हणताय नवीन गाणं घराघरात पोचायचं दार बंद झालं, मी म्हणतो ते आता कितीतरी मोठं झालंय. 'जोगवा' घ्या. अजय-अतुल, संजय कृष्णाजी पाटलांचे शब्द, 'जीव रंगला'. संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार, हरिहरनना गायकाचा, श्रेया घोषालला गायिकेचा. ते भावगीत नाही का? डोळे मिटून ऐका, सिनेमा न बघता, एका शब्दाला सिनेमाची गरज लागत नाही. आणि बघा 'तुझ्यात जीव रंगला' नावाची मालिका पण आली नंतर, म्हणजे तुमच्याच हिशोबानं ते गाणं लोकांच्या मनात बसलं म्हणायचं.

मग २०१६ ला 'सैराट'. लोक 'झिंगाट'वर नाचले आणि तिथेच थांबले याचं मला लई वाईट वाटतं. त्या सिनेमाचं खरं सोनं 'सैराट झालं जी' आणि 'आताच बया का बावरलं' मध्ये आहे. हॉलिवूडच्या स्टुडिओत जाऊन तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्राकडनं वाजवून घेतलं त्यांनी, करमाळ्याकडच्या दोन पोरांच्या प्रेमासाठी! आमच्याकडची भाषा, आमच्याकडची उसाची शेतं, आमच्याकडची विहीर, आणि मागे ते व्हायोलिन्स. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा वाटलं की आपली गोष्ट पण एवढ्या मोठ्या आवाजात सांगायच्या लायकीची आहे. दादर-पार्ल्याच्या भावगीतात मला ते कधी वाटलं नव्हतं, खरं सांगतो. ती गाणी सुंदर आहेत पण त्यातला चाफा, मोगरा, सागर, चांदणं हे सगळं आमच्या दुष्काळी गावात ऐकताना दुसऱ्या कुणाचंतरी वाटायचं.

टायटल साँगच म्हणाल तर माझं मत 'राजा शिवछत्रपती'ला, २००८, स्टार प्रवाह. कवी भूषणाचे शब्द, 'इंद्र जिमि जंभ पर', अजय-अतुलची चाल. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ब्रज भाषेतली कविता, अर्थ अर्धा कळत नव्हता तरी वर्गातल्या सगळ्या पोरांना पाठ. तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग असायचं आणि नेमकी त्या वेळेला लाइट गेली की गल्लीत बोंब उठायची.

आणि आता रील्स. 'बहरला हा मधुमास' २०२३ ला पार परदेशातली माणसं नाचत होती त्याच्यावर. 'गुलाबी साडी' तर संजू राठोड नावाच्या जळगावकडच्या पोरानं केलं, ना सिनेमा ना मालिका ना कुठला बॅनर. आकाशवाणीवर गाणं यायला ऑडिशन लागायची, हे पोरगं थेट लोकांत आलं. मला हे जास्त आवडतं.

---

चाळीतली_गॅलरी:

बार्शी, राग कसला, उलट तुमचा तो चाफा-मोगऱ्याचा मुद्दा मला एकदम आत लागला. मी मुंबईत वाढलेली, मला ते कधी जाणवलंच नसतं. 'सैराट'बद्दल शंभर टक्के सहमत, आणि 'आताच बया' श्रेयानं जे म्हटलंय त्याला तोड नाही.

पण एक फरक राहतोच. सिनेमातलं गाणं ऐकायला आधी सिनेमा हिट व्हावा लागतो, तो हिट झाला नाही तर चांगलं गाणं पण बुडतं. आणि रील्सवर गाणं येतं ते तीस सेकंदांचा हुक येतो, 'मधुमास'चा दुसरा अंतरा कितीजणांनी ऐकलाय? टायटल साँगचं तसं नव्हतं, मालिका बरी असो वाईट असो, रोज त्याच वेळेला, महिनोन्‌महिने, तेच गाणं. त्या रोजच्या ऐकण्यानं ते मुरायचं, लोणच्यासारखं. आवडायला वेळ लागणारं गाणं सुद्धा आवडायचं कारण ऐकण्यावाचून सुटका नव्हती. 'आभाळमाया' पहिल्यांदा ऐकून कुणाला लगेच आवडलं असेल असं मला वाटत नाही, ते हळूहळू चढतं. असं हळू चढणाऱ्या गाण्याला आज जागा कुठे आहे, माझा प्रश्न तो आहे.

---

फोंड्याचो_माटव:

गोव्यातनं बोलतोय. पत्कींचा विषय निघालाय आणि कुणी 'अंतर्नाद' म्हणत नाही म्हणून लिहायला बसलो. इतक्या वर्षांचं मराठीतलं काम, पण त्यांना संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो कोकणी सिनेमासाठी, राजेंद्र तालकांच्या 'अंतर्नाद'साठी, २००६ च्या पुरस्कारांत. आम्हाला केवढा अभिमान आहे त्याचा. मराठी लोकांनी तो सिनेमा ऐकावा अशी कळकळीची विनंती, बघावा पण आणि ऐकावा तर नक्कीच, गाण्याची भाषा कळायला तुम्हाला काहीच अडचण येणार नाही.

आणि देवकीताईंच्या आवाजाबद्दल एक सांगायचंय. त्या अभिषेकीबुवांकडे शिकल्या, किशोरीताईंकडे शिकल्या. बुवा आमच्या मंगेशीचे, किशोरीताईंच्या आई मोगूबाई कुर्डीच्या. इतकी तालीम असलेला गळा, आणि टायटल साँगमध्ये त्यांनी एक सुद्धा तान दाखवायला म्हणून घेतली नाही. शब्द जसा आहे तसा ठेवला. आजकाल रिॲलिटी शोमध्ये पोरं एका ओळीत दहा हरकती घेतात आणि परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात, ते बघून मला फार त्रास होतो. पोरांची चूक नाही त्यात, त्यांना तेच शिकवलं जातं.

---

पुरणपोळी_आणि_कटाची_आमटी:

रिॲलिटी शोचा विषय काढलात म्हणून. 'लिटिल चॅम्प्स' २००८-०९ वालं, कार्तिकी, मुग्धा, प्रथमेश, आर्या, रोहित. मी त्या सगळ्यांची वेडी फॅन आहे, आजही आहे, मुग्धा आणि प्रथमेशचं लग्न झालं तेव्हा मला घरातलं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता. आळंदीची कार्तिकी, लातूरचा रोहित, आरवलीचा प्रथमेश, अलिबागची मुग्धा, पुण्याची आर्या, महाराष्ट्राच्या सगळ्या कोपऱ्यांतून आलेली मुलं. त्या मुलांनी नाट्यसंगीत, अभंग, गवळण हे सगळं पुन्हा लोकांच्या दिवाणखान्यात आणलं. कार्तिकीनं गवळण धरली की आमच्या घरात कुणी बोलायचं नाही.

पण तुमची पोस्ट वाचून एक गोष्ट लक्षात आली जी आधी कधी अशी मांडली नव्हती. इतका मोठा कार्यक्रम, इतके गुणी गळे, आणि त्यात वाजलेलं जवळजवळ प्रत्येक गाणं जुनं होतं. त्या पाच जणांसाठी नवीन गाणी कुणी का नाही लिहून घेतली? दर आठवड्याला एक नवीन कवी, एक नवीन संगीतकार, एक नवीन गाणं असं करता आलं असतं, अख्खा महाराष्ट्र बघत होता, टीव्हीवरचं 'भावसरगम' झालं असतं ते! साठवणीतलं काढून वाढत राहिलो, नवीन काही करून ठेवलं नाही. आर्याला मोठी झाल्यावर 'हृदयात वाजे समथिंग' मिळालं २०१७ ला, किती गोड गायलीये ती, पण मधली सगळी वर्षं काय?

हाच प्रॉब्लेम मला 'कट्यार'च्या सिनेमाबद्दल वाटत नाही मात्र. तिथे अभिषेकीबुवांची १९६७ ची नाटकातली गाणी होतीच, राहुल देशपांडेंनी ती जीव ओतून गायली, पण शंकर-एहसान-लॉयनी नवीन पण केली, 'सूर निरागस हो' नवीन आहे, 'अरुणी किरणी' नवीन आहे, आणि महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार त्या नवीन गाण्यासाठी मिळाला. जुन्याच्या शेजारी नवीन ठेवायची हिंमत केली तर लोक घेतात. 'सूर निरागस हो' आता गणपतीत ऐकू येतं, अजून काय पाहिजे.

---

एडिट_टेबल:

मी मालिकांच्या पोस्ट प्रॉडक्शनमध्ये काम करतो, कुठल्या चॅनेलला ते सांगणार नाही. टायटल छोटं का झालं हे आतून बघितलंय म्हणून लिहितो.

अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती सोडल्या तर गोष्टीला बावीस-तेवीस मिनिटं मिळतात. त्यात सुरुवातीला मागच्या भागाचा सारांश, शेवटी उद्याची झलक. दीड मिनिटाचं टायटल म्हणजे रोजचा अख्खा एक सीन गेला. आणि माणूस रिमोट कधी उचलतो तर जिथे गोष्ट थांबते तिथे, हे आमच्या डोक्यात इतकं भिनलंय की टायटल आलं की पहिली कात्री तिथेच लागते. मोबाईलवर बघणारे तर स्किप दाबतातच. पूर्ण गाणं आता यूट्यूबवर टाकतात, टीव्हीवर त्याचा एक तुकडा.

पण अजून एक गोष्ट आहे जी बाहेर फारशी कुणाला माहिती नसते. टायटल साँग आता मुख्यतः टायटलसाठी नसतंच, ते बॅकग्राउंडसाठी असतं. एकाच चालीचं आनंदी व्हर्जन, दुःखी व्हर्जन, नुसत्या बासरीचं, नुसत्या गुणगुणण्याचं, नायक-नायिका समोरासमोर आले की वाजवायचं वेगळं. एडिटला बसलो की मला त्याच चालीचे असे बरेच तुकडे फोल्डरमध्ये मिळतात आणि सीनप्रमाणे मी ते लावत जातो. त्यामुळे संगीतकाराकडे मागणीच अशी जाते की चाल कुठेही तोडता आली पाहिजे, चार स्वरांत ओळखू आली पाहिजे. तबलावाल्या दादांनी 'आभाळमाया'तले थांबे सांगितले ना, तशी चाल आज कुणी आणली तर तिचे तुकडे करणं अवघड जाईल आणि बहुतेक वेळा ती बदलून आणायला सांगतील. हे मी स्वतः होताना बघितलंय. एका चांगल्या संगीतकाराची फार सुंदर, जरा लांब श्वासाची चाल परत पाठवली होती, मी ती अजून माझ्या कॉम्प्युटरवर ठेवलीये आणि अधूनमधून ऐकतो.

आणि तरीही माझं मत आहे की आज काम करणाऱ्या मुलामुलींमध्ये गुणवत्ता कमी नाही, अजिबात नाही. गाणी लिहिली जातात, दोन-दोन कडव्यांची लिहिली जातात, गाणारे जीव लावून गातात.

---

बार्शी_एक्सप्रेस:

@एडिट_टेबल दादा हे वाचून खरंच वाईट वाटलं. म्हणजे गाणं पूर्ण तयार असतं आणि मग ऐकवत नाहीत? मग ताईंचा मुद्दा मान्य आहे मला, निदान टीव्हीपुरता. आठवड्यातनं एक दिवस, रविवारच्या महाएपिसोडला तरी पूर्ण वाजवा की! त्या दिवशी तसाही तासभर असतो.

---

एडिट_टेबल:

रविवारचा मुद्दा चांगला आहे, खरंच. पहिल्या भागाला आणि शेवटच्या भागाला कधीकधी पूर्ण वाजतं. महाएपिसोडला सुचवायला हरकत नाही, पुढच्या मीटिंगला मी बोलतो.

---

ठेका_सांगली:

बोला नक्की. आणि ती परत पाठवलेली चाल, संगीतकाराची हरकत नसेल तर त्यांना सांगा की कार्यक्रमात वाजवा. आमच्याकडे गायिका आहे, पेटी आहे, ऐकणारे पण आहेत. शब्द नसतील तर शब्द लिहिणारे पण सांगलीत कमी नाहीत.

---

एडिट_टेबल:

शब्द आहेत दादा. विचारतो त्यांना, तुम्हाला मेसेज करतो.